मोह, परीक्षा आणि जागेपण : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक धागा

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन ठरीव रीती आहेत. पहिली वाङ्मयेतिहासकाराची. तो फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची नोंद घेतो, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ला मराठीतील पहिल्या कादंबरीचा मान देतो, रेव्हरंड टिळकांच्या कवितेविषयी दोन बरे शब्द लिहितो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. दुसरी रीत धर्माभिमानी वाचकाची. हे सारे प्रचारकी आहे, असे म्हणून तो ते बाजूला सारतो. एकाने मान दिला, दुसऱ्याने तो नाकारला. पण पुस्तक उघडून वाचण्याचे श्रम दोघांनीही वाचवले. प्रस्तुत लेखात या वाङ्मयाला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. रोजच्या जगण्यात माणसाला मोह कसा गाठतो आणि त्याविषयी जागे कसे राहावे, याचे उत्तर हे लेखक कसे देतात?

हा प्रश्न निवडण्याला कारण आहे. धर्मतत्त्वांच्या मांडणीत कोणताही लेखक आपल्या पंथाची भाषा बोलतो. तेथे त्याची स्वतःची पारख फारशी दिसत नाही. मोहाविषयी बोलताना मात्र त्याला माणसाच्या घरात शिरावे लागते. चूल, पैसा, राग, लौकिक, शेजाऱ्यांचे डोळे या गोष्टींना हात घालावा लागतो. मोह दुसऱ्याच्या घरात दाखवायचा की स्वतःच्या, हेही तेथेच ठरवावे लागते. लेखकाचा प्रामाणिकपणा तपासण्याची याहून चांगली जागा नाही.

आपल्या परिसराला तर हा विषय दूरचा नाही. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावचा. स्टीफन्सचे पुराण ज्या गोव्यात रचले गेले, त्या गोव्याकडे बेळगावाहून जाणारी चोर्ला घाटाची वाट जांबोटीवरूनच पुढे कणकुंबीला जाते. खानापूर तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तरीही त्यांच्या धर्माचे जे मोठे वाङ्मय आपल्याच भाषेत आहे, ते आपल्या कपाटांत क्वचितच आढळते.

आरंभ शब्दापासून करणे इष्ट. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मोहापासून रक्षण मागणारे एक मागणे आहे. मराठीत त्याची दोन रूपे रूढ आहेत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलात तेथे ‘परीक्षा’ हा शब्द येतो. कॅथलिक घरांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत ‘मोह’. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. भाषांतरकाराला मात्र एकच उचलावा लागतो आणि त्या निवडीबरोबर सगळी दृष्टी बदलते. परीक्षा ही बाहेरून येते. कोणीतरी ती घेतो, आपण ती देतो, तिचा दिवस ठरलेला असतो. मोह आतून उगवतो. त्याला दिवस नाही, वेळ नाही, आणि तो आला हे पुष्कळदा तो निघून गेल्यावरच कळते. या एका ओळीने जगभर वाद घातले आहेत. देव माणसाला मोहात ‘नेतो’ असा अर्थ निघू नये म्हणून फ्रान्समधील कॅथलिक चर्चने २०१७ साली आपल्या प्रार्थनेतील शब्द बदलले. इटलीतही २०२० साली बदललेले शब्द उपासनेत आले.

मराठीची अडचण आणखी निराळी आहे. आपल्याकडे ‘मोह’ हा षड्रिपूंपैकी एक. काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर हे त्याचे भाऊबंद. ख्रिस्ती मराठीत मात्र हा एक भाऊ साऱ्या कुटुंबाचे नाव होऊन बसला. क्रोधाने भडकणे हाही मोह, द्रव्याची हाव हाही मोह, नामुष्कीच्या भीतीने खोटे बोलणे हाही मोहच. अर्थाचा हा विस्तार कोणा कोशकाराने ठरवून केलेला नाही. तो प्रार्थनेतून, प्रवचनातून, घरातल्या बोलण्यातून झाला. त्याचा एक लाभ झाला. मोह म्हणजे केवळ भूल वा आसक्ती न राहता, चांगले ठाऊक असूनही त्यापासून ढळण्याचा प्रत्येक क्षण त्या शब्दात मावू लागला.

आता ग्रंथांकडे वळू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. जन्म १५४९ चा, गोव्यात आगमन १५७९ साली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ओवीबद्ध, दोन भागांचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. आदिमाता व आदिपिता यांचे पतन पहिल्या भागात, अरण्यात सैतानाने येशूला घातलेली भुरळ दुसऱ्यात. मोहाचे हे दोन मोठे प्रसंग त्याच्या हाती होते आणि त्याने ते आपल्या पुराणपरंपरेला शोभेल अशा थाटाने सांगितले. पुराणाच्या पद्धतीचा तो गुण आहे आणि मर्यादाही. पुराणात देव आणि दैत्य समोरासमोर उभे असतात. ऐकणाऱ्याला युद्ध दिसते, त्याचा निकाल ठाऊक असतो, आणि तो निश्चिंत मनाने घरी जातो. मोह इतका भव्य दिसला की तो आपल्या ओसरीवर येईल असे वाटत नाही.

स्टीफन्सला हे ठाऊक नसेल असे मात्र नाही. तो ज्या संघाचा होता, त्याचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनाग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली होती. त्या साधनेत रोज दोनदा मनाची झाडाझडती घ्यावी लागते. एखादा ठरावीक दोष निवडायचा, दुपारी आणि रात्री तो किती वेळा घडला हे आठवायचे, कागदावर रेघ ओढून तिच्यावर तितके ठिपके द्यायचे, आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहायची. वाण्याच्या खतावणीसारखी ही मनाची खतावणी. असा हिशेब स्टीफन्सच्या स्वतःच्या नित्यक्रमात होता; त्याच्या पुराणात मात्र त्याला जागा मिळाली नाही. महाकाव्याच्या पोटात ठिपके मावत नाहीत.

येथे एक कठोर गोष्ट बोलणे प्राप्त आहे. स्टीफन्सने पुराण रचले ते अशा प्रदेशात, जेथे राज्यसत्तेने नवख्रिस्ती लोकांचे जुने ग्रंथ बंद केले होते आणि जेथे १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते. ज्यांच्या मोहाची चिंता सत्ता वाहत होती, त्यांना भीती कोणाची होती हे सांगायला नको. जुन्या देवाकडे वळलेली नजर हा मोह ठरला. दंडुका हाती धरण्याचा मोह मात्र कोणाच्या खतावणीत चढला नाही. स्टीफन्सने मराठीवर केलेले प्रेम खरे आहे, त्याच्या ओव्यांतील माया खरी आहे. तथापि हा काळोख वजा करून त्याचे पुराण वाचणे हे वाचकाचे डोळे मिटणे होईल. सत्तेजवळ बसलेल्या माणसाला स्वतःचा मोह सहसा दिसत नाही, हा या वाङ्मयाने न सांगता शिकवलेला पहिला धडा आहे.

दुसरे पुस्तक भाषांतरित आहे. जॉन बन्यन या इंग्रज धर्मोपदेशकाच्या यात्रारूपकाचा पहिला भाग १६७८ साली प्रसिद्ध झाला. धर्मोपदेश केल्याबद्दल त्याला दीर्घ तुरुंगवास घडला होता. हरि केशवजी यांनी त्याचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठी रूपांतर केले. ते १८४१ साली निघाले. ज्या भाषेत आषाढी-कार्तिकीची वाट शतकानुशतके तुडवली गेली, त्या भाषेत एका यात्रिकाची कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. पण वारीत आणि या यात्रेत एक महत्त्वाचा भेद आहे. वारकरी दिंडीत चालतो. अवघी वाट नामाने भरलेली असते. बन्यनचा यात्रिक पुष्कळसा एकटा चालतो, आणि त्याच्या वाटेवर चिखल, बाजार, राक्षसाचा किल्ला असे मुक्काम असतात.

बन्यनची खरी सूक्ष्म नजर दिसते ती मोठ्या संकटांत नव्हे. डोंगर चढताना दमलेला यात्रिक एका लतामंडपात विसावतो, झोपी जातो आणि त्याच्या हातातली सनद गळून पडते. तो मंडप वाटेच्या धन्यानेच प्रवाशांच्या विश्रांतीसाठी बांधलेला असतो. म्हणजे मोहाची जागा वाईट नव्हतीच. विसाव्याची जागा झोपेची झाली, एवढेच. पुढे शेवटच्या टप्प्यात अशी एक भूमी लागते की तिच्या हवेनेच डोळे जड होतात. तेथे राक्षस नाही, सिंह नाही. नुसती गुंगी आहे. दोघे सोबती तेथे जागे राहतात ते एकमेकांना प्रश्न विचारून, आपापली कहाणी सांगून. मोहाविरुद्धचा हा उपाय किती घरगुती आहे! उपास नाही, मंत्र नाही. शेजाऱ्याशी खरे बोलणे. पंढरीच्या वाटेवर जे काम दिंडी करते, तेच येथे दोन माणसांचे संभाषण करते. परक्या देशातून आलेले रूपक या ठिकाणी आपल्या मातीला येऊन मिळते.

बाबा पदमनजी हे आपले. लंडन मिशनने १८२० साली बेळगावात काम सुरू केले. त्या मिशनच्या इंग्रजी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. (त्या मिशनमधील बेनन यांचे नाव आजही बेळगावच्या एका जुन्या हायस्कुलाच्या नावात आहे.) पुढे मुंबईत त्यांचा परमहंस सभेशी संबंध आला आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. १९०६ साली त्यांचे निधन झाले.

‘यमुनापर्यटना’विषयी स्पष्ट मत द्यायचे तर ते असे : विधवांच्या दुःखाचे त्यातील दर्शन आजही अंगावर काटा आणते, आणि कादंबरी म्हणून ती जेथे लंगडते ते याच मोहाच्या प्रश्नावर लंगडते. या पुस्तकात चुकणारी, ढोंग करणारी, क्रूर वागणारी माणसे जवळजवळ सगळी जुन्या समाजातली आहेत. नव्या धर्माकडे झुकलेल्या पात्रांना दुःख आहे, संकट आहे, मोह मात्र नाही. ती भली आहेत आणि भलीच राहतात. ज्या पात्राला मोह होत नाही, त्याचा चांगुलपणा वाचकाला भिंतीवरच्या तसबिरीसारखा वाटतो. त्याला नमस्कार करता येतो, त्याच्याशी बोलता येत नाही. पदमनजींनी तेव्हा समाजावर खटला चालवला होता, आणि खटल्यात आपल्या बाजूचे साक्षीदार निर्दोषच उभे करावे लागतात.

‘अरुणोदय’ त्यापेक्षा कितीतरी खरे पुस्तक आहे, कारण तेथे आरोपी स्वतः लेखक आहे. त्याचा गाभा आहे लपवाछपवी. परमहंस सभा १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झाली. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान तिच्यात होते. जातिभेद मानू नये, हे तिचे तत्त्व. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. पण हे सारे दार लावून. बाहेर पडले की पुन्हा तेच गंध, तीच पंगत, तेच सोवळे. पुढे १८६० च्या सुमारास सभेचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावे उघड होणार म्हणून धावपळ उडाली आणि सभा बसली. एका चोराने जे केले ते कोणा शास्त्र्याला जमले नव्हते. पदमनजींनी ही सभा आतून पाहिली होती. आतून सुटलेला आणि बाहेर बांधलेला माणूस कसा असतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

म्हणूनच ‘अरुणोदया’त मोहाचे जे रूप दिसते ते स्त्री, द्रव्य वा मद्य यांचे नाही. ते आहे ‘उद्या’चे. मनाला पटले आहे, वाचन झाले आहे, वाद संपले आहेत. पण आईवडिलांचे काय, जातीचे काय, लोक काय म्हणतील. मग आणखी थोडे वाचू, आणखी एकदा विचारू, योग्य वेळ येऊ द्या. हा मोह शहाण्याचा वेष घेऊन येतो. तो वाईट कर असे कधीच म्हणत नाही. चांगले कर, पण आज नको, एवढेच म्हणतो. धर्मांतराचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी ही ओळख प्रत्येक वाचकाला लागू आहे. हुंडा घेऊ नये हे पटलेला बाप, बहिणीचा वाटा द्यावा हे पटलेला भाऊ, देवळाच्या हिशेबात घोळ आहे हे ठाऊक असलेला पंच, सगळे याच ‘उद्या’त राहतात.

तरी ‘अरुणोदया’ची एक उणीव नमूद केली पाहिजे. नावाप्रमाणेच त्या पुस्तकाची नजर पहाटेवर आहे. त्याचा ओढा बाप्तिस्म्याच्या क्षणाकडे आहे. त्या क्षणी उजाडते. पण उजाडल्यावर दिवस सुरू होतो. नव्या धर्मात गेलेल्या माणसाची दुपार कशी होती? नव्या मंडळीत मानापमान होते की नाही? पगार, पद, गोऱ्या साहेबाची मर्जी, जुन्या जातीचा आत दडलेला ताठा, यांनी त्याला गाठले की नाही? रोजच्या ख्रिस्ती जीवनातला मोह खरा तेथेच सुरू होतो, आणि त्याची पुरती कहाणी ऐकण्यासाठी मराठी वाचकाला जवळजवळ अर्धे शतक थांबावे लागले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने माणसाला छळणारे आठ विचार मोजले होते. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने त्यांचीच फेरमांडणी करून सात महापातके ठरवली. त्या आठांत इव्हाग्रियसला सर्वांत जड वाटला तो दुपारचा पिशाच. ऊन माथ्यावर येते, दिवस पुढे सरकत नाही, साधू सारखा खोलीबाहेर डोकावतो. हे काम नको वाटते, ही जागा नको वाटते, आपले कोणालाच काही वाटत नाही असे वाटू लागते. पहाटेचा मोह उत्साहाने जिंकता येतो. दुपारचा मोह जिंकायला उत्साह कामाचा नाही, कारण तो उत्साहच खाऊन टाकतो.

ही दुपार मराठीत लिहिली लक्ष्मीबाई टिळकांनी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली, आणि पुढे लक्ष्मीबाईही स्वतःच्या पावलांनी त्या धर्मात आल्या. या पुस्तकाच्या विनोदाचे, सहजतेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. पण तो विनोद कशाच्या उपयोगी पडतो, याकडे टीकाकारांचे लक्ष कमी गेले. माझ्या मते लक्ष्मीबाईंचा विनोद हेच त्यांचे जागेपण आहे. जो स्वतःला हसू शकतो, त्याला स्वतःचा ताठा दिसलेला असतो.

सोवळ्याचा विषय घ्या. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. सारे घर त्या धाकाखाली. लेखिकेने हे सांगताना वडिलांची टवाळी केलेली नाही की गौरवही केलेला नाही. शुद्धतेची ओढ मुळात वाईट नव्हती. ती घरातल्या माणसांपेक्षा मोठी झाली, हे त्या वेडाचे मर्म आहे. आणि पुढे तीच मुलगी मोठी होऊन स्वतः सोवळ्याला घट्ट धरते, नवरा ख्रिस्ती झाल्यावर अधिकच घट्ट धरते, आणि मग एके काळी विचार करकरून ते सोडते. सोडताना तिला कोणी वादात हरवलेले नसते. माणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, माणसानेच केला आहे, असे तिचे तिलाच उमगते. पदमनजींच्या ‘उद्या’ला लक्ष्मीबाईंनी दिलेले हे उत्तर आहे, त्यात गर्जना नाही, घरकाम चालू असता झालेला निर्णय आहे.

‘स्मृतिचित्रे’तील सर्वांत धारदार भाग मात्र टिळकांचा आहे. टिळक उदार होते, इतके की घरात उद्याची सोय आहे की नाही हे पाहण्याआधी हातातले देऊन मोकळे होत. ते रागीट होते, लहरी होते, न सांगता घराबाहेर पडत. ते मोठे कवी होते आणि त्यांची भक्ती अस्सल होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ उभा केला. दोन वर्षांनी, १९१९ साली ते निवर्तले. परदेशी मिशनच्या पगाराची ऊब सोडणे हा मोहावरचा मोठा विजय होता, यात शंका नाही. पण लक्ष्मीबाई संसाराच्या बाजूने पाहतात, आणि त्या बाजूने एक वेगळाच प्रश्न दिसतो. एकाच्या त्यागाचे मोल घरात कोण मोजते? देणारा दाता म्हणून ओळखला जातो. रिकामा डबा उघडणारी बाई कोणत्या नावाने ओळखायची?

त्यागाचाही मोह असतो, ही जाणीव मराठी भक्तिवाङ्मयाला नवी नाही. संतांच्या बायकांच्या तक्रारी आपण कीर्तनात ऐकत आलो. कीर्तनात मात्र त्या तक्रारीवर श्रोते हसतात आणि निकाल संताच्या बाजूने लागतो. लक्ष्मीबाईंनी निकालच दिला नाही. त्यांचे टिळकांवर प्रेम आहे, आदर आहे, आणि तरीही हिशेब हिशेबाच्या जागी आहे. भांडणाचे वर्णन करताना स्वतःला झुकते माप त्या देत नाहीत. आपला हट्ट, आपला अबोला, आपली फजिती यांनाही त्यांनी तितकीच जागा दिली आहे. इग्नेशियसच्या रेघेवरचे ठिपके जे महाकाव्यात मावले नाहीत, ते या घरगुती गद्यात मावले. नगरच्या प्लेगच्या छावणीत केलेल्या सेवेविषयीही त्या अशाच बेताने लिहितात. आपण काही थोर केले असे वाचकाला वाटू लागण्याच्या सुमारास त्या विषय बदलतात. हा संकोच नव्हे; ही पहारेकऱ्याची सवय आहे.

येथे आपल्या जांबोटी पट्ट्यातील शेतकऱ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट उपमेला घ्यावीशी वाटते. रानाला लागून असलेल्या भातशेताची राखण लावणीच्या वेळी कोणी फारशी करीत नाही. माळ्यावर माणूस चढतो तो पीक पोटरीत आल्यावर. डुकरे येतात ती भरल्या शेतात. रिकाम्या शेताला शत्रू नसतो. मोहाचेही असेच. तो पिकलेल्या गुणांकडे जातो. उदार माणसाला उदारपणाच्या वाटेने, सोवळ्याला शुद्धतेच्या वाटेने, विद्वानाला विचाराच्या वाटेने, उपदेशकाला दुसऱ्याच्या कल्याणाच्या वाटेने. म्हणून दुर्गुणांची यादी पाठ करून जागेपण साधत नाही. आपल्यातले उत्तम काय आहे ते ओळखून तेथेच माळा बांधावा लागतो. गेथशेमानेच्या बागेत येशूने ज्यांना जागे राहायला सांगितले आणि जे झोपी गेले, ते त्याचे वैरी नव्हते. सर्वांत जवळचे तिघे शिष्य होते.

या दृष्टीने पाहता चारही पुस्तकांचा एक क्रम लागतो. स्टीफन्सने मोह आकाशाएवढा दाखवला, बन्यनने व हरि केशवजींनी तो वाटेवर आणला, पदमनजींनी तो उंबरठ्यावर उभा केला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवले. आकार लहान होत गेला तशी ओळख पक्की होत गेली. वाङ्मय म्हणूनही याच क्रमाने सत्य वाढत गेले, असे माझे मत आहे. स्टीफन्सच्या भाषेचे वैभव लक्ष्मीबाईंकडे नाही. पण स्टीफन्सच्या पुराणाने श्रोत्याला नमवले, लक्ष्मीबाईंच्या पुस्तकाने वाचकाला ओळखले.

हा प्रवाह आटलेला नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि ‘सुबोध बायबल’मधून तो आपल्या काळापर्यंत आणला. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवर धर्माच्या कारणाने आक्षेप घेणारे निघाले, ही गोष्टही नोंदवून ठेवली पाहिजे. २०२४ साली त्यांचे निधन झाले. चारशे वर्षे मराठीत लिहिणाऱ्या समाजाला मराठीपणाचा दाखला अजून मागितला जावा, यात कोणाचा मोह दिसतो हे वाचकांनीच ठरवावे.

शेवटी आपल्याविषयी. सीमाभागातील मराठी माणूस १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून एक दुखणे उराशी धरून आहे. २००४ साली महाराष्ट्राने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढली. दुखणे खरे आहे. ते या लेखाचा विषय नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही एक खास मोह असतो. आपले दुःख हाच आपल्या चांगुलपणाचा पुरावा, असे त्याला वाटू लागते. मग भाषेचा अभिमान भाषेच्या वाचनाची जागा घेतो. पहिल्या मराठी कादंबरीचा कर्ता बेळगावचा, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. ज्या बेळगावात त्याने बाप्तिस्मा घेतला, त्या गावाने त्या दिवशी त्याला काय म्हटले असेल याचा विचार करत नाही, आणि त्याचे पुस्तक तर ग्रंथालयातून मागवतही नाही. नाव आपले म्हणायचे आणि माणूस परका ठेवायचा, ही परमहंस सभेचीच रीत झाली. फक्त दार उलटे लावलेले.

ख्रिस्ती वाचकाने या वाङ्मयातून काय घ्यावे हे त्याची श्रद्धा त्याला सांगेल. इतरांनी घ्यावे असे एक निश्चित आहे. दुसऱ्याच्या मोहाची कथा लिहिणे सोपे, वाचणे त्याहून सोपे. या परंपरेतील लेखक जेव्हा जेव्हा स्वतःच्या घराकडे वळले, तेव्हा तेव्हा त्यांचे मराठी उजळले. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या ग्रंथालयात आहे. ‘अरुणोदय’ मागवता येईल. पुढील अंकापर्यंत तीन महिने आहेत. तेवढ्या अवधीत ही दोन पुस्तके पुरी वाचून होतात, ‘उद्या’ म्हटले नाही तर.